आठवणीची गोळी आणि आपला बिब्बा

फेब्रुवारी उजाडला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात दोन प्रकारचे पालक भेटतात. पहिले विचारतात, "टीचर, पेपर सोपा येईल ना?" दुसरे इकडेतिकडे बघून हळू आवाजात विचारतात, "टीचर, पोराच्या लक्षात राहत नाही. काही औषध आहे का?" आपला कोकण विभाग दहावीच्या निकालात वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो. त्याचा आनंद आहेच, पण ज्याचं मूल साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपास घुटमळतं त्या घराला याच आनंदाचं ओझं होतं. मग कुणाची खाला, कुणाचे शेजारी, कुणाचा मेडिकलवाला काही ना काही सुचवतो. गेली काही वर्षं मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं नाव म्हणजे अ‍ॅनाकार्डियम. साबुदाण्यासारख्या पांढऱ्या, गोड गोळ्या. "परीक्षेची भीती जाते, वाचलेलं लक्षात राहतं," असं सांगून दिल्या जातात.

या महिन्यात या गोळीबद्दलच लिहायचं ठरवलं, कारण ती परकी नाही. नाव लॅटिन असलं तरी माल आपल्या सह्याद्रीतला आहे. अ‍ॅनाकार्डियम ओरिएंटाले म्हणजे आपला बिब्बा. संस्कृतात भल्लातक, उर्दूत भिलावां, अरबीत बलादुर. आपल्या दादी-नानीच्या डब्यात हळकुंडं आणि मुरुडशेंगेशेजारी काळेभोर, चपटे, बदामाच्या आकाराचे जे चार-दोन दाणे असायचे तेच हे.

रानात बिब्ब्याचं झाड पाहिलं असेल तर फळ ओळखू येतं. खाली केशरी, मांसल देठ आणि त्याच्या टोकाला काळी बी. काजूसारखंच. ते साहजिकही आहे, कारण बिब्बा, काजू आणि आंबा हे तिन्ही एकाच कुळातले. गंमत अशी की "अ‍ॅनाकार्डियम" हे नाव युरोपातल्या औषध विकणाऱ्यांनी आधी आपल्या बिब्ब्याला दिलेलं होतं, हृदयाच्या आकाराचं म्हणून. पुढे लिनियस नावाच्या शास्त्रज्ञाने वनस्पतींची नावं पक्की करताना ते नाव काजूला देऊन टाकलं. काजू मुळात अमेरिकेतला, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणलेला. पाहुण्याला घरच्याचं नाव मिळालं आणि बिब्ब्याच्या वाट्याला सेमेकार्पस हे नवं नाव आलं. त्याचा अर्थ खुणेचं फळ. होमिओपॅथीवाल्यांनी मात्र जुनं नाव सोडलं नाही. पूर्वेकडचं म्हणून बिब्ब्याला ओरिएंटाले आणि पश्चिमेकडचं म्हणून काजूला ऑक्सिडेंटाले म्हणायची पद्धत त्यांच्याकडे आजही आहे. मेडिकलमध्ये बाटली घेताना एवढं लक्षात असावं, दोन्ही नावांनी औषधं मिळतात.

खुणेचं फळ का, ते धोब्याला विचारा. बिब्ब्याच्या टरफलात जो काळा चिकट रस असतो तो कापडावर लावून वर चुना लावला की काळी खूण पडते आणि ती पुढे कितीही धुतली तरी जात नाही. गठ्ठ्यातलं कुठलं कापड कुणाचं हे धोबी त्या खुणेवरून ओळखायचे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर, नेमकं जिथे कपड्याची खूण टेकते तिथेच, पुरळ उठायला लागलं. डॉक्टर चक्रावले. शेवटी कारण सापडलं ते धोब्याच्या बिब्ब्यात. धुऊन, वाळवून, इस्त्री करूनही तो रस अंगाला चावत होता.

हे चावणं हाच बिब्ब्याचा खरा स्वभाव. काजूच्या टरफलातही याच जातीचं तेल असतं. आपल्या जिल्ह्यात काजूच्या कारखान्यांत बिया फोडणाऱ्या आयाबहिणींचे हात पाहा. राख किंवा तेल लावून बसतात, तरी बोटं काळी पडतात, साल निघते. विदर्भातल्या काही गावांत बायका बिब्बे फोडून आतली गोडंबी काढतात, त्यांचीही तीच गत. गोडंबी चवीला छान, बाळंतिणीच्या लाडवात घालतात. लाडू खाणाऱ्याला त्यामागचे भाजलेले हात दिसत नाहीत.

आपल्या घरांत बिब्ब्याचे उपयोग बरेच होते. टाचांच्या भेगांना बिब्ब्याचं तेल, गुडघा दुखला की बिब्ब्याचा डाग. जुन्या माणसांच्या गुडघ्यावर ते गोल काळे वण अजून दिसतात. जुनाट खोकल्याला किंवा दम्याला बिब्बा सुईत टोचून दिव्यावर धरायचा, टपकणारा थेंब दुधात पाडायचा आणि ते दूध प्यायला द्यायचं. शेजाऱ्यांच्या दारावर शनिवारी लिंबू-मिरचीबरोबर बिब्बा टांगलेला असतो, ती नजरेची गोष्ट वेगळी. आणि भाषेत तर तो कायमचा बसलाय. कुणाच्या जुळत आलेल्या कामात मोडता घातला तर आपण म्हणतो, "त्याने बिब्बा घातला." ठरत आलेल्या सोयरिकीत बिब्बा घालणारा एखादा नातेवाईक प्रत्येक खानदानात असतोच. वर्गात हा वाक्प्रचार शिकवताना मी मुलांना विचारते, तुमच्यापैकी बिब्बा कुणी पाहिलाय? चाळीस मुलांत दोन हात वर होतात. काजू सगळ्यांनी पाहिलाय, बिब्बा फक्त वाक्प्रचारात उरलाय.

आता आठवणीचा मुद्दा. बिब्ब्याने स्मरणशक्ती वाढते ही कल्पना ना मेडिकलवाल्याची, ना होमिओपॅथीची. ती हजार वर्षांहून जुनी आहे आणि आपल्या इस्लामी इतिहासात तिच्या खुणा जागोजागी आहेत. या विषयाचं वाचन करताना मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते या भागाने.

त्या काळी कागद महाग, ग्रंथ हाताने लिहिलेले, आणि इल्म छातीत साठवायचं. हदीसच्या विद्यार्थ्याला हजारो रिवायती त्यांच्या सनदीसकट, म्हणजे कुणी कुणाकडून ऐकलं त्या साखळीसकट, तोंडपाठ ठेवाव्या लागत. अशा वेळी हिंदुस्थानातून येणारा बलादुर बगदाद-बसऱ्याच्या बाजारात "हिफ्जची दवा" म्हणून विकला जाणं साहजिक होतं. कैरवानचे हकीम इब्नुल जज्जार यांनी दहाव्या शतकात विस्मरण आणि त्याचा इलाज या विषयावर एक स्वतंत्र रिसाला लिहिला, त्यात बलादुरचे नुस्खे आहेत. इब्न सीनाच्या "अल-कानून"मध्येही बलादुर आहे, पण तिथे फायद्याच्या जोडीला तो जहर असल्याची नोंदही आहे.

जहर का, त्याच्या कहाण्या चरित्रग्रंथांत सापडतात. "फुतूहुल बुल्दान" लिहिणारे इतिहासकार अहमद इब्न यह्या यांना आपण अल-बलादुरी म्हणून ओळखतो. ते अब्बासी दरबारातले, इ.स. ८९२च्या सुमारास वारले. सिंधच्या फतहचा इतिहास आज आपण वाचतो तो मोठ्या प्रमाणात त्यांच्यामुळे. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात ओमानकडून आपल्या ठाण्यावर आलेल्या आरमाराचा उल्लेखही त्यांच्याच ग्रंथात आहे, म्हणजे कोकणच्या इतिहासाचेही ते एक साक्षीदार. पण त्यांचं हे नाव बलादुरवरून पडलं. स्मरणशक्तीसाठी त्यांनी बलादुर घेतला, त्याने बुद्धी फिरली आणि अखेर बिमारिस्तानात बांधून ठेवावं लागलं, अशी हकीकत सांगतात. बलादुर त्यांनी घेतला की त्यांच्या आजोबांनी, यावर जुन्या लेखकांतच मतभेद आहेत. नाव मात्र घराण्याला कायमचं चिकटलं. कापडावरची खूण निघत नाही, तशी तीही निघाली नाही.

दुसरी हकीकत मुहद्दिसांची. "मुस्नद"वाले अबू दाऊद तयालिसी आणि त्यांचे समकालीन अब्दुर्रहमान इब्न महदी हे दोघे हिफ्जचे पहाड. या दोघांनी बलादुर प्यायला आणि एकाला जुजाम म्हणजे महारोग जडला, दुसऱ्याला बरस म्हणजे पांढरे डाग उठले, असं चरित्रकार नोंदवतात. आजच्या डॉक्टरांच्या कसोटीवर ते खरंच महारोग होते की बिब्बा उतल्यामुळे झालेले त्वचेचे हाल होते, हा प्रश्न माझ्या मनात येतो. बिब्ब्याच्या रसाने कातडी सुजते, फोड येतात, साल निघते, रंग बदलतो. हजार वर्षांपूर्वी ते पाहणाऱ्याने जुजाम आणि बरस हेच शब्द वापरले असतील तर नवल नाही.

तिसरी हकीकत मला सर्वांत प्रिय. इमाम बुखारी यांची स्मरणशक्ती इतकी अचाट की लोकांत कुजबुज होती, यांनी नक्की बलादुर प्यायला असणार. त्यांच्याजवळ राहून त्यांचं लिखाणकाम पाहणाऱ्या मुहम्मद इब्न अबी हातिम यांच्या कानावर ही गोष्ट गेली, म्हणून त्यांनी एकदा एकांत पाहून विचारलंच, हिफ्जसाठी काही औषध असतं का? इमाम साहेब आधी म्हणाले, मला ठाऊक नाही. मग जरा वेळाने वळून त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे शिकण्याची तीव्र भूक, दुसरी म्हणजे पानावर पुन्हा पुन्हा फिरणारी नजर. यापेक्षा हिफ्जला उपयोगी काही आपल्याला माहीत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ज्या काळात बलादुर हे फॅशनचं औषध होतं, त्या काळात सगळ्यात मोठ्या हाफिजाने दिलेलं हे उत्तर आहे.

अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये गेले. इब्नुल जज्जारचा विस्मरणावरचा रिसालाही अकराव्या शतकात इटलीत कॉन्स्टंटाइन नावाच्या आफ्रिकी विद्वानाच्या हातून पोचला. युरोपात बिब्ब्याचा पाक "शहाण्यांचा पाक" म्हणून विकला जाऊ लागला. मात्र तो नको तितका खाऊन काही जणांची होती ती आठवणही गेली आणि वेड लागलं, म्हणून लोक त्याला "मूर्खांचा पाक" म्हणू लागले. ही दोन्ही नावं बिब्ब्याला लागू आहेत, असं मला वाटतं.

इथे जर्मन डॉक्टर सॅम्युएल हानेमान (१७५५–१८४३) येतात. होमिओपॅथीचा पाया त्यांनी घातला. त्यांचा मूळ विचार असा की, निरोगी माणसात जो पदार्थ जी लक्षणं निर्माण करतो, तोच पदार्थ अतिसूक्ष्म मात्रेत ती लक्षणं असलेल्या रोग्याला बरा करतो. बिब्बा जास्त झाला की आठवण जाते आणि मन भ्रमिष्ट होतं, हे जुन्या ग्रंथांत लिहिलेलंच होतं. मग आठवण गेलेल्याला सूक्ष्म बिब्बा द्यावा, हा त्या विचाराचा सरळ निष्कर्ष. होमिओपॅथीच्या ग्रंथांत या औषधाचं चित्र मोठं बारकाईने रंगवलेलं आहे. अचानक विसरभोळेपणा, परीक्षेची धास्ती, स्वतःवर विश्वास नाही, मनात जणू दोन माणसं बसलेली, एक म्हणतो कर आणि दुसरा म्हणतो करू नको. पोटात कळ येते पण काही खाल्लं की बरं वाटतं. त्वचेवर खाज आणि फोड. शेवटचं लक्षण वाचताना धोबी आणि गोरे सैनिक आठवतात.

आता मात्रेचा हिशेब करू. हा गणिताचा भाग आहे, तो आठवीच्या मुलालाही समजतो, म्हणून मोठ्यांनी सोडून देऊ नये. बाटलीवर ३० किंवा २०० असा आकडा असतो. तो आकडा म्हणजे किती वेळा पातळ केलं ते. अर्काचा एक थेंब आणि अल्कोहोलचे नव्याण्णव थेंब, झटके देऊन हलवायचं, ही झाली पहिली पायरी. त्यातला एक थेंब घेऊन पुन्हा नव्याण्णव थेंबांत, ही दुसरी. सहाव्या पायरीला मूळ एक थेंब एकावर बारा शून्यं इतक्या थेंबांत पसरलेला असतो. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर हे होतात पाच कोटी लिटर. उन्हाळ्यात आपल्याकडे पाण्याचे दहा हजार लिटरचे टँकर येतात, तसे पाच हजार टँकर आणि त्यांत मिळून एक थेंब. ही फक्त सहावी पायरी. बाराव्या पायरीला हा आकडा एकावर चोवीस शून्यं होतो. रसायनशास्त्रात अ‍ॅव्होगाड्रोचा आकडा शिकवतात, सुमारे सहावर तेवीस शून्यं. कुठल्याही पदार्थाच्या एका मोलमध्ये तेवढे रेणू असतात आणि एका थेंबात तर त्याहून कितीतरी कमी. म्हणजे बारावी पायरी ओलांडली की बाटलीत बिब्ब्याचा एकही रेणू शिल्लक असण्याची आशा उरत नाही. तिसावी तर फार लांब राहिली.

होमिओपॅथीचे डॉक्टर म्हणतात, रेणू नसला तरी हलवण्यातून त्याचा प्रभाव उतरतो. रसायनशास्त्रात त्याला आधार नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यास तपासून २०१५ मध्ये सांगितलं की, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा कुठल्याही आजाराबाबत मिळत नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनेही २०१७ मध्ये तिथल्या डॉक्टरांना ही औषधं लिहून देणं थांबवायला सांगितलं. आपल्या देशात मात्र ती कायद्याने मान्य पद्धत आहे. १९७३ च्या कायद्याने केंद्रीय परिषद झाली, २०२० च्या कायद्याने तिची जागा राष्ट्रीय आयोगाने घेतली, बीएचएमएस पदवी आहे, रत्नागिरीच्या गल्लीगल्लीत दवाखाने आहेत. या डॉक्टरांबद्दल माझ्या मनात आदर आहे, त्याचं कारण गोळी नाही. ते अर्धा तास बसवून ऐकतात. झोप कशी लागते, भीती कशाची वाटते, आई-वडिलांचं पटतं का, हे कुणी मुलाला विचारतं तरी का? घाबरलेल्या मुलाला बऱ्याचदा त्या विचारण्यानेच निम्मं बरं वाटतं. उरलेलं निम्मं वेळ बरं करते. श्रेय गोळीला जातं, जाऊ दे.

मग लिहायचं कशाला, गोड गोळी तर गोड गोळी, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटलं असतं. पण गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलाची अम्मी माझ्याकडे आली. मुलगा शाळा करतो आणि सकाळ-संध्याकाळ मदरशात हिफ्जही करतो. दहा पारे झालेले. अचानक सबक कच्चा यायला लागला, शाळेत उत्तरं अडायला लागली. त्यांनी पर्समधून अ‍ॅनाकार्डियमची बाटली काढून दाखवली. वर म्हणाल्या, "टीचर, ही तर चालूच आहे. पण आता कुणीतरी सांगितलंय की ही ज्या बिब्ब्यापासून बनते तोच घरचा बिब्बा दुधातून दिला तर लवकर गुण येईल. मी बिब्बे आणलेत. जुम्म्यापासून सुरू करू?"

मी म्हटलं, "भाभी, बाटली राहू द्या, पण बिब्बे पोराच्या हाताला लागणार नाहीत असे उचलून ठेवा."

"एक थेंबच द्यायचा होता हो."

"तो एक थेंब आणि या बाटलीतला थेंब यांचं काही नातं नाही."

मला काळजी आहे ती या जागेची. बाटलीत बिब्बा नाही म्हणून ती निरुपद्रवी आहे आणि सुईच्या टोकावरच्या थेंबात सगळा बिब्बा आहे. पण दोघांचं नाव एक, कीर्ती एक, म्हणून साध्या माणसाला वाटतं की एक सौम्य आणि दुसरा तोच, पण जोरदार. होमिओपॅथीत मूळ अर्क, ज्यावर क्यू असं लिहिलेलं असतं, तोही मिळतो, आणि ३एक्ससारख्या खालच्या पायऱ्याही. ३एक्समध्ये हजारात एक भाग खरा पदार्थ असतो. ही मात्रा तीसपेक्षा "जास्त ताकदीची" म्हणून मुलाला स्वतःच्या मनाने देणं फार धोक्याचं.

कच्चा बिब्बा पोटात गेला तर तोंड येतं, घसा सुजतो, अंगभर पित्तासारखं उठतं, लघवी कमी होते, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. आयुर्वेदात आणि युनानीत बिब्बा देतात, पण तो असा नाही. वैद्य बिब्बे विटेच्या चुऱ्यात घोळून त्यांचं तेल शोषून घेतात, मग पुढचे संस्कार करतात. हकीम देठाची टोपी काढून तापलेल्या सांडशीत दाबून रस काढून टाकतात. त्या रसाला ते बलादुरचा शहद म्हणतात. किती गोड नाव! मग दुधात उकळून, अक्रोड-तीळ-तूप अशा स्निग्ध गोष्टींत कालवून माजून करतात. आणि एवढं करूनही औषध कायद्याच्या नियमांत आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची जी यादी आहे तिच्यात भल्लातक आहे. अशा द्रव्याच्या औषधावर "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" असं छापणं बंधनकारक आहे. कुणाला सोसेल आणि कुणाला नाही हे आधी कळत नाही. एकाच घरात एकाला नुसत्या हात लावण्याने उततो आणि दुसऱ्याला काहीच होत नाही. म्हणूनच "आमच्या आजोबांनी आयुष्यभर घेतला" ही साक्ष नातवाच्या कामाची नाही.

त्या मुलाकडे परत येते. मी त्याला बोलावून फक्त दिनक्रम विचारला. फज्रच्या आधी उठतो, मदरसा, मग शाळा, मग क्लास, मग पुन्हा मदरसा, मग शाळेचा अभ्यास. झोपायला साडेअकरा-बारा. म्हणजे जेमतेम पाच तास. वाढत्या वयाच्या मुलाला आठ-दहा तास लागतात. दिवसभरात शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो, हे आज शास्त्राने चांगलंच दाखवून दिलं आहे. त्याच्या आठवणीला काही झालेलं नव्हतं, तिला बसायला वेळच मिळत नव्हता. त्याच्या अम्मीने मदरशाच्या उस्तादांशी बोलून क्लास बंद केला आणि संध्याकाळचा सबक दुपारच्या आमुख्त्याला जोडून घेतला. उस्तादांनी समजून घेतलं, त्यांचे आभार मानायला हवेत. मुलगा दहाच्या आत झोपायला लागला. दोन-तीन महिन्यांत गाडी रुळावर आली. बाटली त्याने मध्येच घेणं सोडलं की संपवली, मी विचारलं नाही.

हिफ्जच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट शिक्षिका म्हणून सांगाविशी वाटते. बीएडला आम्हाला एबिंगहाऊस नावाचे जर्मन मानसशास्त्रज्ञ शिकवले जातात. त्यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच सगळ्यात जास्त विसरतं, आणि थोड्या थोड्या अंतराने उजळणी केली तर विसरण्याचा वेग घटत जातो. मी तो धडा वाचला तेव्हा मला आमच्या मोहल्ल्यातल्या हाफिज साहेबांची छडी आठवली. आजचा नवा सबक, मग गेल्या काही दिवसांचा सबक पारा, मग जुन्याचा आमुख्ता, रोज, खाडा नाही. जर्मनीत जे १८८५ मध्ये आलेखावर काढलं ते आपल्या मदरशांत शतकानुशतकं चालू होतं. इतिहासाच्या किंवा विज्ञानाच्या धड्याला मात्र आपली मुलं ही पद्धत लावत नाहीत. धडा जूनमध्ये वाचतात आणि थेट फेब्रुवारीत उघडतात. पुस्तक मिटून, आज काय शिकलो ते अम्मीला चार वाक्यांत सांगणं, तेच आठवड्याने पुन्हा, महिन्याने पुन्हा. अम्मीला विज्ञान येत नसलं तरी चालतं, तिने फक्त ऐकायचं. उलट तिला येत नसेल तर मुलगा जास्त नीट समजावून सांगतो, हे मी पाहिलंय.

तरीही मूल सतत विसरत असेल, चेहरा फिका पडला असेल, पायऱ्या चढताना दमत असेल, फळ्यावरचं बघताना डोळे बारीक करत असेल, तर गोळ्यांच्या आधी रक्त आणि डोळे तपासून घ्या. वयात आलेल्या मुलींत रक्त कमी असणं फार आढळतं आणि त्याने लक्ष लागत नाही. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते. दोन-तीन आठवडे परीक्षेच्या नुसत्या विचाराने रडू येणं, जेवण तुटणं, जीव नकोसा झाल्याचं बोलणं, असं काही दिसलं तर थांबू नका, मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. लोक काय म्हणतील याचा विचार निकालानंतर करता येतो.

घरात जुने बिब्बे असतील तर बरणीत घालून, वर चिठ्ठी चिकटवून, मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. फोडायचे झालेच तर उघड्या हातांनी फोडू नका आणि धुराजवळ तोंड नेऊ नका, जळत्या बिब्ब्याचा धूरही चेहऱ्यावर उततो. रस हाताला लागला तर डोळ्यांना, तोंडाला हात न लावता लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, नंतर खोबरेल लावा. जुन्या बायका खोबरं चावून त्याचा चोथा लावायच्या, त्याऐवजी बाटलीतलं खोबरेल बरं. फोड आले, पापण्या सुजल्या किंवा चुकून पोटात गेला, तर घरगुती उतारा शोधत बसू नका, दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना "बिब्बा" हा शब्द आधी सांगा, म्हणजे त्यांचा कारण शोधण्यातला वेळ वाचेल.